जॅमला रविवार लागत नाही

पोरी, तुझ्या फ्रिजच्या खालच्या खणात दर हिवाळ्यात काय घडतं ते मला फोनवरूनही दिसतं. ‘रविवारी निवांत जॅम करीन’ म्हणून आणलेली स्ट्रॉबेरी शनिवारी मऊ पडते, रविवारी नेमके पाहुणे येतात आणि सोमवारी सकाळी डबीसकट सगळं ओल्या कचऱ्यात. नोकरी करणाऱ्या बाईचं हे जुनंच दुखणं आहे, तुझ्या पिढीने काही नवीन शोधून काढलेलं नाही. औषध एकच, जॅम एका दिवसात करायचाच नाही. पाच मिनिटं आज, दहा उद्या, अर्धा तास परवा रात्री. ज्या घरात साखरांबा आणि गुळांबा होतो, त्या घराला जॅम काही परका नाही.

स्ट्रॉबेरी धरूनच सांगते. डिसेंबर ते मार्च ती पुण्या-मुंबईत हातगाडीवरही मिळते आणि तुझा हात तिच्याकडेच जातो. पेरूचं मागाहून.

१. एका वेळी अर्धा किलो फळ, फार तर पाऊण — एवढं वीस-पंचवीस मिनिटांत आटोपतं आणि झोप शाबूत राहते. अर्धा किलोवाला सुखी, पाच किलोवाला कढईमुखी.

२. फळ मंगळवारी घे, शनिवारी नको — शनिवारचं फळ सुट्टीच्या धांदलीत सापडतं, मंगळवारच्या फळाला गुरुवारची मोकळी रात्र मिळते.

३. डबी उचलून तिचा तळ बघ — वरचा थर विकणाऱ्याने लावलेला असतो, खालचा आपोआप लागलेला. तळाशी रस साचला असेल तर पुढची डबी घे, आणि गाडीवाला कुरकुरला तर कुरकुरू दे.

४. सगळी लालभडक नको, चारांत एखादी देठाजवळ पांढरट असूच दे — फळ जास्त पिकलं की त्यातलं पेक्टिन कमी होतं, आणि जॅम घट्ट धरतो तो पेक्टिनच्या जोरावर.

५. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे गाडीवाले सर्रास महाबळेश्वरचंच नाव घेतात. नाव ऐक, पण वास घे — जिला वास नाही तिचा जॅम गोड होईल, कशाचा आहे ते मात्र खाणाऱ्याला विचारावं लागेल.

६. धुवायची देठासकट, देठ नंतर काढायचे — देठाच्या भोकातून पाणी आत शिरतं आणि मग ते कढईत आटवत तुलाच उभं राहावं लागतं.

७. आठवडा फारच वाईट दिसत असेल तर फळ चिरून, अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पिशव्या भरून फ्रीझरमध्ये टाक, पिशवीवर वजन आणि तारीख लिहून — गोठवलेल्या फळाचा जॅम उत्तम होतो, वितळायचीही वाट बघावी लागत नाही. मार्चअखेरची स्ट्रॉबेरी तू मे महिन्यात शिजवलीस तरी कुणी विचारायला येणार नाही.

८. फळ आणि साखर काट्यावर मोज, वाटीने नको — चिरलेल्या फळाची वाटी एकदा शिगोशीग भरते, एकदा निम्मी पोकळ राहते, आणि दोष मात्र जॅमला लागतो.

आता साखर. तुझं ‘कमी घातली तर नाही का चालणार?’ माझ्या कानात आधीच वाजतंय.

९. अर्धा किलो फळाला साडेतीनशे ग्रॅम साखर आणि एका मोठ्या लिंबाचा रस. जुन्या वह्यांत फळाइतकीच साखर असते, तेवढी नको, पण याच्या फार खालीही उतरू नकोस — साखर फळातलं पाणी धरून ठेवते. पाणी मोकळं राहिलं की बुरशीला आयतं रान मिळतं आणि पेक्टिनही नीट धरत नाही.

१०. विकतच्या बाटलीशी टिकण्यात स्पर्धा करू नकोस — नियमाप्रमाणे तिच्यात विरघळलेले घन पदार्थ निदान ६५ टक्के लागतात, आणि त्यातला मोठा वाटा साखरेचा. उलट फळ बहुतेक जॅममध्ये ४५ टक्के असावं लागतं आणि स्ट्रॉबेरीच्या जॅममध्ये २५ टक्क्यांवरही भागतं. तुझ्या कढईत पडलेल्या मालात निम्म्याहून जास्त फळ आहे, म्हणून तुझी बाटली फ्रिजमध्येच राहायची.

११. साखरेऐवजी गोडीची पूड घालून जॅम करायच्या नादाला लागू नकोस — गोडी येईल, पण पाणी धरायचं साखरेचं काम ती करत नाही. हाती लागेल तो फळाचा रस्सा, आणि तोही चार दिवसांचा.

१२. गूळ स्ट्रॉबेरीला नको, पेरूला किंवा करवंदाला घाल — स्ट्रॉबेरीचा रंग आणि वास दोन्ही गुळाखाली दबतात. वेलचीही नको, नाहीतर पावावर शिऱ्याचा वास येत बसेल.

१३. लिंबू कधी गाळू नकोस, आणि त्याच्या बियाही फेकू नकोस — आंबटपणाशिवाय पेक्टिन धरत नाही, आणि बियांमध्ये ते मुळातच असतं. मलमलच्या पुरचुंडीत बिया बांधून कढईत सोडायच्या, शेवटी पिळून काढून टाकायच्या. उन्हाळ्यात लिंबं महागली की रसाऐवजी चिमूटभर लिंबूसत्त्व.

१४. बुधवारी रात्री जेवणं झाली की चिरलेलं फळ, साखर आणि लिंबाचा रस काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात कालवून, झाकून फ्रिजमध्ये ठेव — सकाळी उघडशील तेव्हा भांडं रसाने भरलेलं असतं आणि निम्मी साखर आपण होऊन विरघळलेली. काम पाच मिनिटांचं; रात्रभर कष्ट साखर करते.

१५. हे मिश्रण दोन रात्री राहिलं तरी बिघडत नाही — म्हणजे गुरुवारी साहेबांनी थांबवून घेतलं तर शुक्रवार हाताशी आहे. तिसऱ्या रात्रीवर मात्र ढकलू नकोस. तू ढकलतेस, मला माहीत आहे.

१६. ॲल्युमिनियमचं पातेलं आणि कल्हई उडालेलं पितळ जॅमपासून लांब ठेव — आंबट रस धातू खातो आणि मग जॅमला नाणं चघळल्याची चव येते. जाड बुडाची स्टीलची पसरट कढई सगळ्यात बरी.

१७. जॅम गुरुवारी रात्री ओटा आवरून झाल्यावर लाव, स्वयंपाकाबरोबर नको — शेजारच्या शेगडीवर पोळ्या चालू असल्या की आपण पोळीकडे बघतो आणि जॅम बुडाला धरतो.

१८. गॅस पेटवण्याआधी सगळं ओट्यावर मांड : बाटल्या, झाकणं, कालथा, ओला फडका, आणि फ्रीझरमध्ये दोन चिनी मातीच्या बश्या — शेवटची पाच मिनिटं शोधाशोधीची नसतात. बशी थंड, तर घाई बंद.

१९. मीटिंग कानात आणि कालथा हातात असा जॅम करू नकोस — ज्या क्षणी तुला कुणी ‘तुमचं काय मत?’ विचारतं, त्याच क्षणी कढईला ऊत येतो. फोन थांबतो, पाक थांबत नाही.

२०. कढई एक तृतीयांशापेक्षा जास्त भरू नकोस — उकळताना जॅम फेसाने वर चढतो, आणि शेगडीच्या भोकांत गेलेली साखर खरवडणं ही मध्यरात्री करायची गोष्ट नव्हे.

२१. साखरेचा शेवटचा कण विरघळेपर्यंत आच मंद, त्यानंतर मोठी — राहिलेला कण पुढे बाटलीत खडीसाखर होऊन दाताखाली येतो. कढईच्या कडेला चिकटलेले कणही ओल्या ब्रशने खाली उतरव. आणि मोठ्या आचेला घाबरू नकोस. आपल्याला लहानपणापासून सगळंच मंद आचेवर करायला शिकवलेलं असतं, पण जॅम तासभर रटरटला की रंग विटकरी होतो, वास उडून जातो आणि पेक्टिनही तुटतं.

२२. फेस फार आला तर शेवटी पाव चमचा साजूक तूप टाक — फेस बसतो. वरचा काढलेला फेस वाटीत ठेव, घरात जो जागा असेल त्याचा तो हक्क.

२३. कालथा लांब दांड्याचा आणि बाही मनगटापर्यंत — जॅमचा शिंतोडा उकळत्या पाण्यासारखा ओघळून जात नाही, कातडीला चिकटून भाजत राहतो. भाजलंच तर हात वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धर. टूथपेस्ट नको, हळद नको, बर्फ नको, आणि आईला फोन त्यानंतर.

जॅम झाला हे ओळखायचं कसं, इथेच बहुतेकांचं गाडं अडतं. म्हणून इथे जरा रेंगाळते.

२४. बोटांत तार बघू नकोस. एकतारी, दोनतारी हे लाडवांच्या पाकाचं गणित; जॅममध्ये साखरेबरोबर पेक्टिनही आहे — तार येईपर्यंत थांबलीस तर दुसऱ्या दिवशी बाटलीतून वडी निघेल.

२५. त्याऐवजी थंड बशी. उकळीचे मोठे, फुटून जाणारे बुडबुडे जाऊन लहान, जड, चकचकीत बुडबुडे दिसू लागले आणि कालथ्यावरून थेंब एकेक न पडता दोन-दोन मिळून पडायला लागले, की फ्रीझरमधली बशी काढ आणि तिच्यावर चमच्याच्या टोकाने जॅम टाक. मिनिटभर थांबून बोटाने हलकेच पुढे ढकल. पुढच्या बाजूला बारीक सुरकुती पडली आणि बोटामागची वाट उघडी राहिली, तर झाला. वाट परत मिटली तर आणखी तीन मिनिटं, मग दुसरी बशी — दोन बश्या म्हणून तर ठेवायला सांगितल्या.

२६. बशी बघत असताना गॅस बंद कर — तू सुरकुती शोधत असतेस तेव्हा कढईतला जॅम पुढच्या मुक्कामाला निघालेला असतो.

२७. थर्मामीटर आणलासच, तर तो कुठे उभा आहे ते बघ. पुस्तकात १०४ ते १०५ अंश सेल्सियस लिहितात ते समुद्रसपाटीचं, म्हणजे मुंबईला चालेल. पुणं साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, तिथे १०३ च्या आसपासच जॅम होतो — उंच गेलं की पाणीच कमी तापमानाला उकळतं, दर तीनशे मीटरला अंदाजे एक अंशाने. पुण्यात १०५ ची वाट बघणारीच्या नशिबी चिक्की. माझ्या मते बशी जास्त विश्वासाची, तिला बॅटरीही लागत नाही.

२८. कढईत पातळ दिसतो म्हणून आणखी आटवू नकोस — गरम जॅम पातळच असतो, पूर्ण धरायला त्याला दुसरा दिवस लागतो. रात्री साडेअकराला बाटल्या हलवून-हलवून बघणं बंद.

२९. दुसऱ्या दिवशीही पातळच राहिला तर थोडं लिंबू पिळून परत पाच मिनिटं उकळ. फार घट्ट झाला तर दोन चमचे गरम पाणी घालून सैल कर — दोन्हीला इलाज आहे, फक्त करपलेल्याला नाही. आणि उकळायचा कंटाळा आलाच तर पातळ जॅम दुधात किंवा दह्यात घाल आणि चेहरा असा ठेव की तेच करायचं होतं.

३०. बाटली लोणच्याची असेल तर झाकण नवीन घे — काच धुतली जाते, झाकणाच्या आतल्या पट्टीत मोहरी आणि हिंग बसून राहतात.

३१. बाटल्या आणि झाकणं पाण्यात बुडवून दहा मिनिटं उकळ आणि स्वच्छ जाळीवर पालथी घाल, फडक्याने आतून पुसू नकोस — जंतू मारायचे उकळून आणि परत सोडायचे फडक्याने, असं नको.

३२. गरम जॅम गरम बाटलीत, आणि बाटली लाकडी पोळपाटावर किंवा जाड घडीवर — ग्रॅनाइटचा गार ओटा लागला की काच तडकते. वर अर्धं पेर जागा सोड, काठ ओल्या स्वच्छ फडक्याने पूस, झाकण गरम असतानाच घट्ट लाव — काठावर चिकटलेला थेंब झाकण पुरतं बसू देत नाही, बुरशी तिथूनच आत येते.

३३. बाटलीवर फळाचं नाव आणि तारीख लिही — फेब्रुवारीत सगळं आठवत असतं, जूनमध्ये स्ट्रॉबेरी आणि करवंद सारखंच दिसतं.

३४. झोपायच्या आधी कढईत पाणी ओतून एक उकळी आण — चिकटलेली साखर स्वतःहून सुटते आणि सकाळी घासणारीच्या शिव्या वाचतात. ओटा, गॅसची बटणं आणि फ्रिजची मूठही ओल्या फडक्याने पूस. आपल्याकडच्या मुंग्यांना आमंत्रण लागत नाही. बाटल्या रात्रभर बाहेर गार होत असतील तर त्या ताटात ठेवून ताटात पाणी घाल.

३५. जॅमला स्वतःचा कोरडा चमचा, आणि तो बाटलीतून थेट तोंडात जायचा नाही — ओला किंवा उष्टा चमचा हे बुरशीचं बी. नवऱ्याला हे दोनदा सांग, मुलांना एकदा पुरतं.

३६. उघडलेली बाटली तीन-चार आठवड्यांत संपव. बुरशी दिसली तर वरचा थर काढून खालचा खायचा नाही, सगळी बाटली टाकायची — डोळ्यांना दिसतो तो ठिपका, तंतू आत गेलेले असतात. फसफसून आंबूस वास आला तरीही तेच. अर्ध्याच किलोचा केला होतास, म्हणून जीवही फार तुटत नाही.

३७. डब्यात पोळीचा रोल देताना आधी लोणी किंवा तूप, मग जॅम — स्निग्धाचा थर मध्ये असला की दुपारपर्यंत पोळी ओली होऊन फाटत नाही.

आता पेरू. पोरी, आळशी माणसासाठीच देवाने हे फळ केलंय, म्हणून माझा याच्यावर जीव. पेक्टिन भरपूर, भाव बेताचा, आणि हिवाळ्यात मंडईत ढिगाने. पिकलेल्या पेरूंत एखाद-दुसरा कच्चट असू दे. फोडी करून बुडतील इतक्याच पाण्यात मऊ शिजवायच्या आणि पुरणयंत्राच्या बारीक जाळीतून काढायच्या. गर खाली येतो, बिया वर राहतात. वर्षभर होळीची वाट बघत माळ्यावर बसलेल्या पुरणयंत्राला तेवढंच काम. हा गर बुधवारी काढून फ्रिजमध्ये ठेव, गुरुवारी तोलून त्याच प्रमाणात साखर आणि लिंबू घालून शिजव. फार लवकर धरतो, म्हणून बशी दहाव्या मिनिटालाच काढ. आणि हात लांब ठेव, घट्ट गर ज्वालामुखीच्या बेताने उडतो.

३८. चिकू, केळं, पपई, अंजीर यांना लिंबू दुप्पट, आणि जॅम थोडा, फ्रिजमध्येच — या फळांत आंबटपणा अगदी कमी, आणि आंबटपणा हा जॅमचा राखणदार. सासवडकडची ताजी अंजिरं मिळाली तर पाव किलोचाच कर; बाकीची नुसती खा.

३९. स्ट्रॉबेरी धरतच नसेल तर एक सफरचंद किसून घाल — सफरचंदात पेक्टिन असतं आणि त्याची स्वतःची चव पुढे-पुढे करत नाही.

४०. हापूसचा जॅम करायला घेऊ नकोस — यामागे शास्त्र नाही, माझं मत आहे. पिकला हापूस कढईत घालणाऱ्याच्या घरी मी जेवायला जात नाही. कैरी असेल तर साखरांबा कर.

४१. बाटली कुणाला भेट दिलीस तर ‘फ्रिजमध्ये ठेवा’ हे चिठ्ठीवर लिही, तोंडी सांगू नकोस — घरचा जॅम बाहेर फडताळात ठेवून आठवड्याने ‘तुमचा खराब निघाला’ म्हणणारे नातेवाईक आपल्याच घराण्यात आहेत, नावं तुला माहीत आहेत.

४२. आणि आलेली बाटली रिकामी परत करायची नसते, मूठभर शेंगदाणे का होईना, घालून दे. माझ्या दोन तुझ्याकडे आहेत, निळ्या झाकणांच्या. पेरू झाला की एक पाठव, दुसरीत काहीही चालेल — झाकणं मात्र माझीच असू देत, ती घट्ट बसतात.